कोड बरोबर, तरी सेन्सर बिघडलेला? या चुका टाळा

गावच्या घरी टाकीवर पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर बसवायचा आणि तो ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या बोर्डाला जोडायचा, एवढंच काम. पण सॉफ्टवेअरवाला माणूस काही बिनसलं की आधी कोड उघडतो. इथे आधी मल्टिमीटर काढा.

बोर्ड नेमका वायफाय जोडतानाच रीसेट होतोय? मग दोष विजेचा धरून चाला. ईएसपी३२ वायफायवर पाठवताना क्षणभर २४० मिलिअँपिअरच्या आसपास करंट खेचतो. लांब, बारीक यूएसबी केबलमध्ये तेवढ्यात व्होल्टेज पडतं आणि सिरियल मॉनिटरवर (बोर्डाचे संदेश लॅपटॉपवर दाखवणारी खिडकी) ‘ब्राउनआउट डिटेक्टर’चा, म्हणजे व्होल्टेज पडलं की बोर्ड रीसेट करणाऱ्या भागाचा, संदेश येतो. हा डिटेक्टर कोडमधून बंद करायचा सल्ला नेटवर जागोजागी मिळेल. ऐकू नका, ताप दिसतो म्हणून थर्मामीटर फेकण्यातला प्रकार आहे तो. आखूड, जाड केबल आणि बरा अ‍ॅडाप्टर घ्या, बोर्डाच्या पॉवर पिनांलगत ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. आणि लॅपटॉपला पोर्टच दिसत नसेल, तर ड्रायव्हर शोधण्याआधी केबल बदला. काही केबली फक्त चार्जिंगच्याच असतात.

एचसी-एसआर०४ या ध्वनिलहरींनी अंतर मोजणाऱ्या सेन्सरचा इको पिन (उत्तराचा सिग्नल देणारा) ५ व्होल्ट देतो, ईएसपी३२ चे पिन ३.३ व्होल्टचे. थेट जोडलं तरी बरेचदा चालतं, म्हणून लोक फसतात. मध्ये १ किलोओहमचा आणि ईएसपी३२ च्या पिनापासून ग्राउंडला २ किलोओहमचा रेझिस्टर, एवढ्यात काम भागतं. सेन्सरला वेगळा सप्लाय असेल तर दोन्हींचे ग्राउंड जोडा, नाहीतर आकडे वाट्टेल तसे नाचतील.

अ‍ॅनालॉग सेन्सर टेबलावर नीट चालला आणि वायफाय सुरू करताच बंद पडला, तर तो एडीसी२ च्या (अॅनालॉग सिग्नल आकड्यात बदलणारा बोर्डाचा दुसरा भाग) पिनावर आहे का बघा. तो भाग वायफायला लागतो. ३२ ते ३९ मधला पिन घ्या. ३४ पासून पुढचे पिन मात्र फक्त इनपुटचे, त्यांना आतला पुल-अपही (पिन मोकळा असताना त्याला ‘हाय’ ठेवणारा रेझिस्टर) नाही.

आता कोकणचं खास दुखणं. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या खाऱ्या हवेत ब्रेडबोर्डच्या पट्ट्या आणि जंपर वायरींची टोकं गंजतात, मग रीडिंग कधी येतं, कधी नाही. पावसाळ्याआधी सगळं सोल्डर करा आणि बोर्डावर कन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे ओल रोखणारा पातळ थर, मारा (हवेतली आर्द्रता मोजणाऱ्या सेन्सरचं तोंड सोडून!). वायर डब्यात खालून घ्या आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. टाकीच्या झाकणाखाली एचसी-एसआर०४ वाफेने लवकर मरतो. तिथे वॉटरप्रूफ जेएसएन-एसआर०४टी लावा. पण त्याला साधारण २५ सेंटिमीटरच्या आतलं नीट दिसत नाही. टाकी भरत आली की आकडे बिघडतात ते यामुळे, म्हणून तो काठापेक्षा तेवढा उंच बसवा.

जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे सिग्नल लुळा पडतो, राउटर खिडकीशी आणा. बहुतेक ईएसपी बोर्डांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं, हेही ध्यानात असू द्या.

लाइट जाऊन आली की बोर्ड लगेच उठतो, राउटर मागाहून. वायफाय जोडणी फक्त सेटअपमध्ये (सुरुवातीला एकदाच चालणारा कोड) लिहिली असेल तर बोर्ड तिथेच अडकतो किंवा जोडणीविना पुढे जातो. लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालणारा कोड) जोडणीची तपासणी ठेवा. एमक्यूटीटीमध्ये (बोर्डाचे आकडे मोबाइलपर्यंत पोचवणारी संदेशपद्धत) ‘लास्ट विल’ (बोर्डाचा संपर्क तुटला की आपोआप जाणारा संदेश) लावा आणि मोबाइलवर प्रत्येक आकड्याशेजारी त्याची वेळ दाखवा. नाहीतर स्क्रीनवर सकाळचे ८० टक्के दिसत राहतात, पंप कोणी लावत नाही आणि संध्याकाळी न्हाणीघरातून हाक येते.