सोसायटीचा उन्हाळा: पाऊस यायच्या आधीचे ७० दिवस

गोव्यात पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात लागतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. २०२५ साली तो मे संपायच्या आतच येऊन ठेपला आणि अर्धवट रंगवलेल्या गच्च्या तशाच भिजल्या. म्हणून सोसायटीचे उन्हाळी वेळापत्रक आखताना शेवटची तारीख २० मे धरावी आणि तिथून मागे मोजत यावे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बसलात तर हाताशी जेमतेम ७० दिवस उरतात.

या दिवसांत गच्ची, टाक्या, माड, सेप्टिक टँक, मुलांचा कार्यक्रम, पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) खरेदी, सगळेच एकदम डोक्यावर येते. ही कामे भांडतात ती दोन गोष्टींसाठी: पाणी आणि माणसे. जे काम पाणी पिते ते मार्चअखेर उरकावे, ज्याला कोरडेपणा लागतो ते एप्रिलात, लोकांना एकत्र आणायचे ते मेच्या पहिल्या पंधरवड्यात. २० मेनंतर नवे काम काढायचे नाही, फक्त तपासणी.

आधी मंजुरी

सोसायटीचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि वार्षिक सभा बहुतेक ठिकाणी सप्टेंबरात होते. गच्चीच्या खर्चासाठी त्या सभेची वाट पाहिली तर तोवर पाणी छतातून खाली येऊन गेलेले असते. कमिटीला स्वतःच्या अधिकारात किती खर्च करता येतो ते उपविधीत पाहा. रक्कम त्यापुढे जात असेल तर मार्चमध्येच विशेष सर्वसाधारण सभा बोलवा आणि नोटिशीची मुदत उपविधीप्रमाणे पाळा. तीन ठेकेदारांची दरपत्रके मागवा, पण तिघांना कामाची एकच लेखी यादी द्या. एकाने 'दोन हात', दुसऱ्याने 'तीन हात' आणि तिसऱ्याने नुसतेच 'वॉटरप्रूफिंग' असे लिहून दिले तर त्या आकड्यांची तुलना होत नाही.

गच्ची

गळती नेमकी कुठे आहे हे पाणी साठवून पाहिल्याशिवाय कळत नाही. रेनवॉटर पाइपांची तोंडे कापडाचे बोळे आणि सिमेंटच्या पातळ थराने बंद करा, सुमारे ५ सेंटीमीटर पाणी भरा आणि ४८ तास ठेवा. १०० चौरस मीटर गच्चीला ५,००० लिटर पाणी लागते, म्हणजे अर्धा टँकर. हे काम मार्चमध्ये करा असे म्हणतो ते एवढ्यासाठीच. मेमध्ये नळ कोरडे असताना गच्चीवर तळे दिसले की सभासद कमिटीला जाब विचारणार, आणि ते बरोबरच आहे. पाणी शक्यतो विहिरीचे वापरा आणि नंतर गटारात न सोडता बागेला द्या. ५ सेंटीमीटर पाण्याचे वजन दर चौरस मीटरला ५० किलो होते. जुन्या इमारतीच्या स्लॅबचे गज उघडे पडले असतील तर अभियंत्याला विचारल्याशिवाय पाणी भरू नका.

पाण्याची पातळी खडूने भिंतीवर आखा आणि शेजारी पाण्याने भरलेली एक उथळ बादली ठेवा. पाणी उन्हानेही आटते, त्यामुळे नुसती पातळी उतरली म्हणून गळती आहे असे होत नाही. बादलीतले पाणी जितके उतरले त्यापेक्षा गच्चीवरचे जास्त उतरले असेल तरच शंका घ्यावी. मग खालच्या मजल्यावर छतावरची ओल पेन्सिलीने गोल करून तारीख घाला. ठेकेदाराशी वाद झालाच तर हीच खूण उपयोगी पडते.

चिरा इंग्रजी व्हीसारखी खाच पाडून उघडायच्या, पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरायच्या आणि मग कोटिंगचे दोन हात एकमेकांना आडवे द्यायचे. भर दुपारी काम करू देऊ नका. तापलेल्या स्लॅबवर कोटिंग वरून लगेच सुकते, खाली अडकलेली वाफ फुगते आणि पहिल्याच पावसात फोड उचलून येतात. सकाळी १०च्या आत किंवा साडेचारनंतर काम घ्यावे. कोटिंगमध्ये जास्तीचे पाणी घालून ते वाढवणे ही जुनीच खोड आहे. एका लिटरला किती जागा होते हे डब्यावर छापलेले असते, त्यावरून डब्यांची संख्या आधीच काढा आणि रिकामे डबे मोजून होईपर्यंत जागेवरून हलवू देऊ नका. दुरुस्त केलेल्या भागाभोवती विटांचा छोटा बांध घालून, कोटिंगला आठवडा झाल्यावर, तेवढ्यातच पुन्हा पाणी भरून पाहा. पाइपांच्या तोंडांवर सपाट जाळी असेल तर ती काढून घुमटाकार बसवा. सपाट जाळीवर आंब्याची चार पाने पडली की झाकण लागल्यासारखे होते.

टाक्या

आधी संप (जमिनीखालची टाकी), मग वरच्या टाक्या. उलट केले तर साफ केलेल्या टाकीत संपातलाच गाळ चढतो. रविवार टाळा, कारण सगळे घरी असतात आणि पाणी जास्त लागते. दोन टाक्या असतील तर एक भरलेली ठेवूनच दुसरीला हात घाला.

१. आदल्या रात्री पंप बंद ठेवा आणि पाणी वापरून वीतभर उरू द्या. सकाळी येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा. पंपाचा मेन स्विच पाडून 'आत माणूस आहे' अशी पाटी लावा.

२. सगळी झाकणे किमान तासभर उघडी ठेवा आणि पंख्याने हवा आत ढकला. संपात उतरणारा एकटा नको. वर दोघे हवेत, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवा. आतला माणूस गुदमरला तर त्याच्यामागे कोणी उडी घालायची नाही, दोराने ओढायचे आणि अग्निशमन दलाला १०१ वर बोलवायचे. अशा अपघातांत वाचवायला उतरलेलेही दगावतात. आत दिवा नेलात तर बॅटरीचाच, वायर ओढलेला बल्ब नको.

३. नायलॉनच्या ब्रशने भिंती घासा. साबण नको. ॲसिड तर अजिबात नको: ब्लीचिंग पावडरला ॲसिड लागले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद टाकीत तो प्राणावर बेततो.

४. गाळ उपसून धुतल्यावर १० लिटर पाण्यात ७ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवा आणि चुना खाली बसू द्या. वरचे स्वच्छ पाणी लांब दांड्याच्या ब्रशने भिंतींना लावा. हे शक्यतो बाहेर उभे राहूनच करावे. अर्ध्या तासाने धुऊन काढा.

५. टाकी भरताना दर १,००० लिटरला २.५ ग्रॅम पावडर, तीही विरघळवून आणि चुना बसवून. अर्धा तास थांबा, मग नळ सुरू करा. साध्या क्लोरीन किटवर शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन दिसायला हवे.

पावडरचे पाकीट गेल्या वर्षीचे असेल तर फेकून द्या. आपल्याकडच्या दमट हवेत तिची ताकद भराभर उतरते आणि वास आला तरी जोर उरलेला नसतो. चुना न गाळता सरळ टाकीत ओतलात तर तो बॉल व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो आणि टाकी वाहायला लागते.

पाणी कमी पडू लागले की

माणशी रोज १३५ लिटर हे घरगुती वापराचे सरकारमान्य माप. २४ फ्लॅट, घरटी चार माणसे धरली तर रोजचे १२,९६० लिटर झाले. मीटर याहून फार जास्त दाखवत असेल तर टँकर मागवण्याआधी गळती शोधा. रात्री ११ला टाक्या भरून पंप बंद करा, वरच्या टाक्यांची पातळी काठीने मोजा आणि पहाटे ५ला पुन्हा मोजा. सगळे झोपलेले असताना पातळी वीतभर उतरली तर कुठेतरी फ्लश वाहतोय. बहुतेक वेळा तो कुलूप लावलेल्या फ्लॅटमध्ये असतो.

'सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास' असे पाणी सोडण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण तिने बचत कमीच होते. प्रत्येकजण पिंपे भरून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी शिळे म्हणून ओततो. शिवाय रिकाम्या पाइपात बाहेरचे घाण पाणी सांध्यांतून ओढले जाते. त्यापेक्षा खालच्या मजल्यांचे व्हॉल्व्ह थोडे आवळून धार बारीक करावी. टँकर घेताना पाणी कुठल्या विहिरीचे ते विचारा आणि संपात ओतण्याआधी एक पेला चाखा. किनाऱ्याजवळच्या विहिरी मेमध्ये मचूळ होतात. पाण्याची पिंपे आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी सुक्या कडेला चिकटून महिनोन् महिने टिकतात. सेप्टिक टँकच्या हवेच्या पाइपाला जाळी लावायला विसरू नका.

आवारातली कामे

पार्किंगवरच्या माडांचे नारळ आणि सुकी चुडते एप्रिलमध्येच उतरवा. वळवाच्या वाऱ्यात ती थेट गाड्यांच्या काचांवर येतात. पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारा) मिळणे आता सोपे राहिलेले नाही, तेव्हा शेजारच्या दोन सोसायट्यांचे माड मिळून एकच दिवस ठरवला तर तो आनंदाने येतो. विजेच्या तारांना टेकलेल्या फांद्यांना खाजगी माणसाला हात लावू देऊ नका, वीज खात्याला १९१२ वर कळवा. झाड मुळासकट काढायचे तर १९८४च्या वृक्ष कायद्याखाली वन खात्याची परवानगी लागते.

सेप्टिक टँक मेमध्ये उपसून घ्या. पावसात जमिनीतले पाणी वर येते, सोक पिट (सांडपाणी जिरवायचा खड्डा) भरते आणि तळमजल्याच्या संडासातून उलटे येते. चिऱ्यांच्या संरक्षक भिंतीची पाणी निघायची भोके सळईने मोकळी करा. ती मातीने बुजली की मागचा भिजलेला डोंगर सगळा भार भिंतीवर टाकतो आणि जूनमध्ये भिंत आडवी होते. पोट सुटलेली भिंत दिसली तर तिच्या पायथ्याशी गाड्या लावणे त्याच दिवशी बंद करा.

मेचा कार्यक्रम

२०२५पासून सहावीपुढचे बहुतेक वर्ग एप्रिलातच सुरू होऊ लागले, त्यामुळे मोठ्या मुलांची सुट्टी आता मेपुरती. कार्यक्रम संध्याकाळी साडेपाचला सुरू करून साडेनऊला आवरावा. लाऊडस्पीकरची परवानगी आधी घ्यावी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो उघड्यावर बंदच. ५० माणसांना दोन दोन पेले धरले तर २० लिटर भिरंडाचे (कोकमाचे) सरबत लागते. एकास पाच प्रमाणात साडेतीन लिटर अर्क पुरतो. बर्फ पिण्याच्या पाण्याचाच आणा, मासळीवाल्याचा नको.

सोसायटीच्या मानकुराद आंब्यावरून दरवर्षी रुसवेफुगवे होत असतील तर देवळात करतात तशी पावणी (लिलाव) करा. पैसे मेंटेनन्सच्या खात्यात पावतीसह जमा करावेत. पुरुमेंताची खरेदीही याच सुमारास एकत्र करता येते: सुकी मिरची, सोला (सुकवलेली कोकमे), चिंच, आगराचे मीठ, कांदे. घरटी यादी आणि पैसे आठवडाभर आधी घ्या, उधारी ठेवू नका. मिरची मोडून पाहा. ती कडकन तुटायला हवी, वाकली तर ओली आहे आणि जुलैत बुरशी धरणार. सुकी मासळी वाटायची तर मागच्या अंगणात. लिफ्टसमोर वाटलीत तर वास जायला आठवडा लागेल आणि शाकाहारी शेजारी नोटीस बोर्डावर लिहितील.

नोटीस

व्हॉट्सॲप ग्रुपवरचा निरोप शुभ सकाळच्या फुलांखाली बुडतो. लिफ्टजवळ कागद हवाच. एका कागदावर एकच काम, आणि वॉचमन व कामवाल्यांसाठी खाली दोन ओळी हिंदीत. नमुना असा:

'बुधवार, ८ एप्रिल. संप आणि अ इमारतीची टाकी साफ होणार. सकाळी ९ ते दुपारी ४ अ इमारतीत पाणी नाही. मंगळवारी रात्री दोन बादल्या भरून ठेवा, त्याहून जास्त नको. पाणी आल्यावर आधी न्हाणीघराचा नळ सोडा. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत फिल्टर आणि वॉशिंग मशीन सुरू करू नका. अडचण आल्यास वॉचमनच्या केबिनमध्ये सांगा.'

'सभासदांनी सहकार्य करावे' हे वाक्य गाळले तरी चालते. कोणी काय करायचे ते लिहिले की पुरते.

बंद फ्लॅटांच्या मालकांना, मग ते मुंबईत असोत की आखातात, हेच वेगळे पाठवा आणि सोबत तीन गोष्टी मागा: किल्ली कोणाकडे आहे, आतला मुख्य कॉक बंद आहे का, बाल्कनीचे गटार साफ आहे का. पर्यटकांना भाड्याने दिलेल्या फ्लॅटांत कागद दाराच्या आतल्या बाजूला लावायला सांगा. पाहुणे दर तीन दिवसांनी बदलतात, त्यांना कोणी सांगत नाही.

२० मेनंतरची फेरी अर्ध्या तासाची: मीटर रूमचे छत, आरसीसीबीचे (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचचे) टेस्ट बटण, जनरेटर, गच्चीच्या जाळ्या आणि लिफ्टचा खड्डा. खड्ड्यात पाणी झिरपत असेल तर लिफ्टवाल्याला तेव्हाच बोलवा. जोराच्या पावसाच्या रात्री लिफ्ट पहिल्या मजल्यावर थांबवून बंद करायची, हे वॉचमनला तोंडी न सांगता केबिनच्या भिंतीवर लिहून ठेवा.