गोव्यात मुलांना अकरावीत घालण्याआधी

पुण्या-मुंबईहून, कोल्हापूरहून नोकरीसाठी गोव्यात येणारी मराठी कुटुंबं आधी पर्वरीत नाहीतर पणजीत फ्लॅट बघतात आणि मग शाळा शोधतात. मूल नववीच्या पुढे असेल तर क्रम उलटा ठेवा. घर नंतरही मिळतं.

इथे अकरावी-बारावी हायर सेकंडरीत होते. बहुतेक शाळा दुपारी दीडच्या सुमारास सुटतात, तेव्हा क्लास आणि बस यांचा मेळ आधी बसवा.

मुलगी डॉक्टर व्हायची म्हणत असेल तर पुढचं दोनदा वाचा. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी अधिवास तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. सरकारी बदलीवाल्यांना काही सवलती आहेत. खासगी नोकरीवाल्यांनी त्यांच्यावर विसंबू नये. इकडे गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, राज्य कोट्यासाठी गोव्यातल्या वास्तव्याची वर्षं मोजतात. म्हणजे दहावी तिकडे, बारावी इकडे आणि वास्तव्य दोनच वर्षांचं, अशी मुलगी दोन्ही दारांबाहेर राहते. उरतो तो मुख्यतः सरकारी कॉलेजांमधला १५ टक्के अखिल भारतीय कोटा आणि अभिमत विद्यापीठांची फी. हे मी ओळखीच्या घरांत घडताना पाहिलं आहे. नीट या मेडिकल प्रवेश परीक्षेचे गुण चांगले होते, मुलीने काहीच कमी केलं नव्हतं, आणि जून-जुलैत आईवडील मला विचारत होते की आता काय करायचं. तेव्हा करण्यासारखं काहीच उरलेलं नसतं. हा निर्णय दहावीनंतरच्या सुट्टीतच घ्यावा लागतो. मूल आजीकडे राहून बारावी करू शकत असेल तर त्याचा गंभीरपणे विचार करा, लोक काहीही म्हणोत.

इंजिनीअरिंगचं एवढं कठीण नाही. महाराष्ट्रात आईवडिलांच्या अधिवास दाखल्यावर एक वाट उघडी राहते. पण एनआयटी या केंद्राच्या इंजिनीअरिंग कॉलेजांचा गृहराज्य कोटा बारावी कुठून झाली त्यावर ठरतो. गोव्यातून बारावी केलीत की नागपूरच्या व्हीएनआयटीत तुम्ही बाहेरचे आणि कुंकळ्ळीच्या एनआयटीत घरचे. झुआरीनगरच्या बिट्स या खासगी अभिमत विद्यापीठात स्थानिकांना राखीव जागा असतील असं नव्याने आलेल्या अनेकांना वाटतं. तसं काही नाही, तिथे बिटसॅट या त्यांच्याच प्रवेश परीक्षेचे गुण चालतात. आयआयटीचंही तेच, जेईई अॅडव्हान्स्ड.

आता नामांकित खासगी शाळांबद्दल. निकालानंतर चौकाचौकांत फलक लागतात, त्यावर पाच-सहा हसरे चेहरे. आपली माणसं तेवढ्यावर भुलून देणगीची चौकशी करायला धावतात. शाळेत जाऊन एकच प्रश्न विचारा: बारावी विज्ञानाला एकूण किती मुलं होती आणि ती सगळी कुठे गेली? ज्या शाळेत अकरावीला नव्वद टक्क्यांच्या वरच्यांनाच घेतात, तिचा निम्मा निकाल प्रवेशाच्या दिवशीच लागलेला असतो. फलकावरचा मुलगा क्लासच्या जाहिरातीतही असतो. श्रेय नेमकं कुणाचं, ते त्याच्या घरच्यांनाच ठाऊक. मला शाळा पारखायची तर मी सत्तर टक्केवाल्यांचं काय झालं ते विचारते. फर्मागुढीचं सरकारी इंजिनीअरिंग, फार्मसी, पणजी-मडगावची पदवी कॉलेजं, तिथे नीट रमलेली मुलं ज्या शाळेला नावानिशी आठवतात, ती शाळा चांगली.

आणखी एक. ‘गोव्यात सगळं सुशेगाद, निवांत, इथे अभ्यास होत नाही’ हे मुलांसमोर बोलणं आधी बंद करा. पुण्याशी सतत तुलना करणाऱ्या घरातलं मूल वर्गात मित्र करत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. इथले शिक्षक मुलांना वेळ देतात, भेटायला गेलात तर तुम्हालाही देतील.

पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाचं प्रवेशाचं माहितीपुस्तक दरवर्षी निघतं. नियम बदलतात, म्हणून शेजाऱ्याच्या मुलाच्या वर्षाचं नको, चालू वर्षाचंच वाचा. पहिल्या दिवसापासून भाडेकरार, वीजबिलं आणि शाळेचे दाखले एका फायलीत लावा. वास्तव्याचा दाखला मामलेदार कचेरीतून मिळतो. तो निकालानंतरच्या गर्दीत काढू नका, बारावीच्या दिवाळीतच अर्ज टाका.