कोल्हापुरात समुद्राची मासळी घेताना

रत्नागिरी-मालवणची मासळी घाट चढून येते, त्यामुळे "ताजी हाय" यावर न जाता आधी कल्ला उचला. लालभडक, ओला हवा. तपकिरी, चिकट दिसला की पुढे चला. बोटानं दाबल्यावर खड्डा राहिला तरी तेच. डोळा मात्र बर्फातही पांढुरका पडतो, एकट्या डोळ्यावर निकाल देऊ नका.

बांगडा, सुरमई, कुपा (टुना) यांना जास्त जपा. उबेत राहिले की त्यांत हिस्टामीन नावाचं अपायकारक रसायन तयार होतं, ते तळून-उकळून जात नाही. तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात. घर लांब असेल तर किलोला किलोभर चुरलेला बर्फ घाला. पिशवीला खाली भोक पाडा, नाहीतर वितळलेल्या पाण्यात मासा बेचव होतो.

पापलेट 135 मिमीपेक्षा लहान नको. राज्यानं 2023 मध्ये 54 जातींना किमान आकार ठरवलाय. त्याखालचं म्हणजे अंडी घालण्याआधीच धरलेलं पिल्लू.

जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते. तेव्हाची "आजचीच सुरमई" बहुधा गोठवलेली किंवा पूर्व किनाऱ्याची. त्यापेक्षा सुका बोंबील घ्या, वाकवल्यावर काडकन मोडणारा.