स्लाइस जात नाहीये? स्विंग पाथच्या या चुका टाळा

गोल्फमध्ये स्लाइस होतोय, म्हणजे बॉल वळून उजवीकडे पळतोय, म्हणून अजून थोडं डावीकडे वळून उभं राहायचं, ही स्लाइसवाल्यांची सगळ्यात लाडकी चूक, मी पण वर्षभर इमानदारीत केलीय. होतं काय, पाय आणि खांदे डावीकडे वळले की क्लब आणखीच बाहेरून आत, म्हणजे बॉलच्या पलीकडून आपल्या बाजूला, येतो आणि बॉल केळ्यासारखा वळतो, आधीपेक्षा जास्त. (उजव्या हाताने खेळणाऱ्यांचं बोलतोय, डावखुऱ्यांनी उलटं धरा.)

पण घोळ पाथचाच, म्हणजे क्लब बॉलवर ज्या वाटेने येतो त्या वाटेचाच, आहे का ते आधी बघा. बॉल सुटतो मुख्यतः क्लबफेस (क्लबचा बॉलला लागणारा भाग) जिकडे बघतोय तिकडे, आणि वळतो फेस आणि पाथमधल्या फरकामुळे. डावीकडे सुटून उजवीकडे वळला तर पाथ बाहेरून आत. सुटतानाच उजवीकडे जात असेल तर आधी ग्रिप, म्हणजे क्लब कसा धरलाय ते, तपासा, ड्रिल नंतर. अजून एक, ड्रायव्हरच्या (सगळ्यात लांब मारायच्या क्लबच्या) फेसवर चिमूटभर टाल्कम पावडर चोळून मारा, ठसा शाफ्टच्या (दांडीच्या) बाजूला उमटला तर स्विंग बरा असूनही बॉल उजवीकडेच वळतो, मग पाथला कशाला शिव्या घालायच्या.

आता हेडकव्हर ड्रिल, म्हणजे क्लबच्या डोक्यावर घालायचं मऊ कव्हर ठेवून करायचा सराव. बॉलच्या पलीकडे, तुमच्यापासून लांबच्या बाजूला आणि चार बोटं मागे, कव्हर ठेवायचं, मधे क्लबहेड जाईल एवढीच फट. बाहेरून आलात की कव्हर उडतं, कोच लागत नाही सांगायला. इथे लोक कव्हरऐवजी लाकूड नाहीतर बॉलची बादली ठेवतात आणि मनगट धरून बसतात, किंवा पहिल्याच बॉलला ड्रायव्हर काढून फुल ताकदीने फिरवतात. 8 नंबरचं आयर्न (ड्रायव्हरपेक्षा आखूड क्लब) घ्या, बॉल टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, ठेवा, हात कमरेपर्यंतच. 10 पैकी 8 वेळा कव्हर जागचं हललं नाही की मग स्विंग वाढवा.

तरी उडतंय? मग खाली येताना उजवा खांदा आधी पुढे जातोय. क्रिकेट खेळून आलेल्यांना तर हे हमखास, पुल शॉटची सवय जाता जात नाही. उजवा पाय वीतभर मागे घेऊन 15-20 बॉल मारा, खांद्याला आतून यायला जागा मिळते.

आणि काही दिवसांनी बॉल डावीकडे हुक व्हायला लागला तर ड्रिल जास्त झालंय, कव्हर बॉलच्या अलीकडे, आपल्या बाजूला आणा. मला हे कळेपर्यंत 2 बादल्या हुक मारण्यातच संपल्या.