सोलर वॉटर हीटर घेण्याआधी: पाणी बघा, मग पाइप, मग पॅनल

कुठल्या कंपनीचा सोलर घ्यायचा, हा प्रश्न थोडे दिवस बाजूला ठेवा. आधी घरातलं पाणी बघा. साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडाशी पांढरं किटण धरतं, गिझरची कॉइल खडूसारख्या थराने माखते, अशी लक्षणं असतील तर पाणी जड आहे. पाणी तापलं की हेच क्षार सुटून आत बसतात. सपाट पेटीच्या कलेक्टरमधल्या (ऊन शोषून पाणी तापवणाऱ्या भागातल्या) तांब्याच्या नळ्या बारीक असल्याने त्या चोंदतात, आणि दोन-चार वर्षांत ‘पूर्वीसारखं तापत नाही’ अशी तक्रार सुरू होते. अशा घरी रुंद काचेच्या नळ्यांचा प्रकार बरा, किंवा हीट एक्स्चेंजर असलेली सपाट पेटी घ्यावी. तिच्यात कलेक्टरमधलं पाणी वेगळं फिरतं आणि वापरायचं वेगळं. पाणी खारट असेल तर टाकीबद्दलही विचारा, कारण क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीललाही बारीक भोकं पडतात. टाकीत मॅग्नेशियमचा रॉड आहे का आणि तो बदलता येतो का, हे विचारायला संकोच करू नका. टाकीऐवजी तो झिजतो, म्हणून टाकी टिकते.

मग मोजमाप. साठ अंशांचं पाणी वीस अंशांच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळलं की चाळीस अंशांचं, आंघोळीजोगं पाणी होतं. म्हणजे वीस लिटरच्या आंघोळीला टाकीतलं दहाच लिटर जातं. शॉवरला याहून बरंच जास्त लागतं, म्हणून घरातल्या प्रत्येकाची सवय धरून बेरीज करा. ‘असू दे मोठीच’ म्हणून टाकी वाढवली आणि कलेक्टर तेवढाच राहिला, तर भरपूर कोमट पाणी मिळेल. सपाट पेटीसाठी १०० लिटरमागे साधारण २ चौरस मीटर हा ठोकताळा धरतात.

गच्चीवर दोनदा जा, सकाळी ९ ला आणि दुपारी ३ ला. शक्यतो हिवाळ्यात जा, कारण तेव्हा सावल्या सगळ्यात लांब पडतात. जिना, शेजारची भिंत, झाड यांची सावली कुठवर येते तिथे खडूने रेघ मारा. विषुववृत्ताच्या उत्तरेला राहत असाल तर कलेक्टरचं तोंड दक्षिणेला, दक्षिणेला राहत असाल तर उत्तरेला. कल साधारण गावाच्या अक्षांशाइतका, आणि थंडीतलं पाणी महत्त्वाचं असेल तर त्याहून १० ते १५ अंश जास्त. वजनही विसरू नका: २०० लिटरची टाकी म्हणजे नुसतं पाणीच २०० किलो. पत्र्याचं किंवा जुनं छत असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पंपाशिवाय चालणाऱ्या सोलरमध्ये तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर टाकीत चढतं. म्हणून सोलरची टाकी कलेक्टरच्या वर, आणि तिला पाणी पुरवणारी थंड पाण्याची टाकी त्याहूनही वर असावी लागते. ती खाली असेल तर आधी तिला उंच चौथरा करून घ्या. घरात प्रेशर पंप असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. पाणी थेट काचेच्या नळ्यांत भरणाऱ्या साध्या प्रकाराला तो दाब सोसत नाही.

आता पाइप. सगळ्यात जास्त हेळसांड इथेच होते, म्हणून जरा थांबून सांगतो. २० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपमध्ये दर मीटरला सुमारे ०.३ लिटर पाणी मावतं. टाकीपासून न्हाणीघर वीस मीटरवर असेल तर प्रत्येक वेळी सहा लिटर गार पाणी सोडल्यावर गरम धार येते. ते पाणी बघता बघता गटारात जातं, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून मार्ग जवळचा निवडा, व्यास उगाच वाढवू नका, आणि गरम पाण्याच्या संपूर्ण पाइपला, भिंतीतल्या भागालाही, उष्णतारोधक वेष्टण घाला. साधा पीव्हीसी उष्णतेने मऊ पडतो, तेव्हा सीपीव्हीसी किंवा पीपीआर हे उष्णता सोसणारे प्लास्टिकचे पाइप वापरा. थंड पाण्याच्या जोडणीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट जाऊ न देणारी झडप) हवा, आणि वाफ बाहेर जायला मोकळा व्हेंट पाइप हवाच. पैसे वाचवायला व्हेंट पाइप गाळू नका आणि तो कधीही बंद करू नका.

ढगाळ दिवसांची सोय आधीच ठरवा. १०० लिटर पाणी वीसवरून साठ अंशांवर न्यायला सुमारे ४.७ युनिट वीज लागते. टाकीतल्या हीटरला स्वतंत्र स्विच आणि पक्कं अर्थिंग द्या. जिथे पाणी गोठतं तिथे गोठणरोधक द्रव फिरवणारी रचनाच घ्या.

माल आला की काचेच्या नळ्यांची बंद टोकं तपासा. तिथला चंदेरी डाग पांढरा झाला असेल तर आतली निर्वात पोकळी गेली आहे, ती नळी परत करा. आणि पहिल्यांदा पाणी भरायचं ते भल्या पहाटे किंवा नळ्या झाकून. उन्हात तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी पडलं की काच तडकते.