सहलीची खरी कामं गाडी सुटायच्या आधीची

दिवाळीच्या सुट्या संपल्या की आमच्या दारव्हा तालुक्यातल्या शाळांत एकच विषय: सहल कुठं? पोरांचं ठरलेलंच असतं, चिखलदरा. शिक्षकही म्हणतात, पहाटे तीनला निघू, रात्री बारापर्यंत परत. मुख्याध्यापकानं पहिलं ‘नाही’ इथं म्हणायचं. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटरच्या वर अंतर, परतवाड्यापुढं घाट आणि पहाटेपासून जागा असलेला एकच ड्रायव्हर. चिखलदराच करायचं तर मुक्काम ठेवा. नाहीतर सेवाग्राम-पवनार करा, अंधार पडता पडता घरी येता येतं.

गाडी एसटीचीच घ्या. आगारात प्रासंगिक करार करता येतो, म्हणजे अख्खी गाडी ठरवून भाड्यानं मिळते; शाळेच्या सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. खासगी गाडी घेण्याची वेळ आलीच तर फिटनेस, परमिट आणि विमा एमपरिवहन ॲपवर स्वतः पाहा. मालक ‘सगळं ओके आहे’ म्हणतो त्यावर जाऊ नका. आणि संकटकाळी बाहेर पडायचं मागचं दार हातानं उघडून पाहा. ते उघडत असलं तरी निघायच्या दिवशी त्याच्यासमोर पाण्याच्या कॅन आणि पुरीभाजीचे डबे रचले जातात. तिथं काहीही ठेवायचं नाही, हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

पालकांचं संमतीपत्र म्हणजे फायलीत लावायचा कागद, असं समजू नका. आपल्याकडं सहलीचे दिवस आणि कापूस वेचणीचे दिवस एकच. आई-बाप उजाडताच वावरात जातात, बरीच पोट्टी बापाची सही स्वतःच ठोकून आणतात. म्हणून सभा संध्याकाळी ठेवा, पत्र वाचून दाखवा, मग सही किंवा अंगठा घ्या. फोन नंबर दोन लिहा. घरात एकच मोबाईल असतो आणि तो बापासोबत कापसाच्या गाडीवर जिनिंगला गेलेला असतो. दुसरा नंबर शेजाऱ्याचा चालेल, नाहीतर पोलीस पाटलांचा.

याच सभेत आजारांचं विचारा, पण सगळ्यांसमोर नाही. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची लेकरं बऱ्याच वर्गांत असतात आणि मुलीचं असेल तर पुढं लग्नाला अडचण नको म्हणून घरचे लपवतात. थंडी, तहान आणि अतिश्रम या तिन्हींनी या लेकरांच्या दुखण्याला जोर येतो, आणि डिसेंबरातल्या सहलीत तिन्ही एकदम भेटतात. त्यात मुली पाणीच पीत नाहीत, कारण वाटेत लघवीला जायची सोय नसते. हे शिक्षकाला सुचत नाही, शिक्षिकेला लगेच कळतं. तेव्हा मुली असतील तर शिक्षिका हवीच, आणि थांबे स्वच्छतागृह पाहून ठरवा. मी रस्त्यावरच्या एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आधी फोन करतो; अजून कुणी नाही म्हटलेलं नाही. सिकलसेलच्या लेकराला सहलीतून वगळायचं मात्र नाही. त्याची पाण्याची बाटली, स्वेटर आणि आजाराचं कार्ड कुणी सांभाळायचं, ते नावानिशी ठरवा. त्यानं हातपाय दुखतात म्हटलं तर नाटक समजू नका, सरळ जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा. अशी रुग्णालयं कुठं कुठं आहेत, ते यादीवर आधीच लिहिलेलं असावं. १०८ आणि ११२ सगळ्यांना माहीत असतात, पण आपण नेमके कुठं आहोत हे सांगता आलं पाहिजे.

दहा-दहा पोरांचा गट आणि प्रत्येक गटाला एक शिक्षक. मोजणी गाडी उभी असतानाच. डोकी मोजू नका, पोरांना आपापला आकडा मोठ्यानं म्हणायला लावा. ज्याचा आकडा आला नाही तो कोण, हे लगेच कळतं.

आता पाणी. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली. त्यात १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. तिथं उभ्या असलेल्या शिक्षकाला ‘नाही’ म्हणणं किती जड जातं, हे आपण ओळखून असावं. पोट्टे म्हणतात, ‘काहून नाही जायचं सर, पैसे भरले न आम्ही?’ तिकीटवाला घाई करतो, सोबतचे शिक्षकही पोरांच्या बाजूनं बोलतात. म्हणून सहलप्रमुखाला लेखी आदेश द्या: बोटिंग नाही, नदीत पाय घालणं नाही, आणि कुठलंही ठिकाण ऐनवेळी वगळायचा अधिकार त्यांचा, त्याबद्दल नंतर कुणी जाब विचारणार नाही. असा कागद खिशात असला की माणूस ठाम बोलतो. पवनारलाही हे लागू. विनोबांचा आश्रम म्हणून आपण निर्धास्त असतो, पण खाली धाम नदी आहे आणि पोरं आश्रम पाहून झाला की आधी खडकांवर धावतात. एक शिक्षक पोरांच्या आधी काठावर उभा हवा.

मुख्याध्यापकानं सहलीला जावं की नाही? पुष्कळ जण जातात, मानानं पुढच्या सीटवर बसतात. माझं मत वेगळं आहे. सोबत जायला कसलेला सहलप्रमुख असेल तर आपण शाळेत थांबावं. पोरांची पूर्ण यादी, गाडीचा आणि ड्रायव्हरचा नंबर समोर ठेवावा. गाडी तासभर उशिरा झाली की गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अपघात होऊनही जातो! निरोप एकाच माणसानं, दर थांब्यावर, मोजक्या शब्दांत द्यायचा.

परतीची गाडी फाट्यावर रिकामी करू नका. ती शाळेतच यावी, आणि पालकाची सही घेतल्याशिवाय पोरगं सोडू नये. तांड्यावरची आणि पोडावरची (कोलामांच्या वस्तीवरची) लेकरं अंधारात चालत निघतात, कारण न्यायला कुणी आलेलं नसतं. त्यांच्या घरी सकाळीच निरोप द्या. तरी कुणी आलं नाही तर दोन शिक्षकांनी मोटारसायकलवर त्यांना घरापर्यंत नेऊन सोडायचं. पेट्रोलचे पैसे सहलीच्या हिशेबात आधीच धरून ठेवा.