‘रेकॉर्ड’ की ‘रिकॉर्ड’? इंग्रजी नाम आणि क्रियापद यांतला आघात कसा साधावा

इंग्रजी शब्द मराठीत क्रियापदासारखा वापरायचा असेल, तर त्याच्यापुढे ‘करणे’ जोडले की भागते. आपण गाणे रेकॉर्ड करतो, माल इम्पोर्ट करतो. मूळ शब्दाचा उच्चार बदलावा लागत नाही. इंग्रजीत मात्र या ‘करणे’चे काम पुष्कळदा आघाताची, म्हणजे शब्दाच्या एका भागावर दिलेल्या जोराची, जागा बदलून साधले जाते. मराठी माणूस नामाचाच उच्चार क्रियापदालाही लावतो, त्याचे मूळ बहुधा या सवयीत असावे. पुढील उदाहरणांत आघात असलेल्या अवयवाच्या (सिलॅबलच्या, म्हणजे शब्दातल्या एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याच्या) आधी, शब्दकोशांत देतात तशी, ˈ ही उभी रेघ दिली आहे.

पहिली पायरी म्हणजे वाक्यात शब्द कोणते काम करतो ते पाहणे. त्याच्या आधी ‘अ’, ‘द’, ‘माय’ किंवा एखादे विशेषण असेल तर तो नाम असतो. ‘टू’, ‘कॅन’, ‘विल’ किंवा ‘आय’, ‘दे’ असा कर्ता असेल तर बहुधा क्रियापद. नाम असल्यास आघात पहिल्या अवयवावर आणि क्रियापद असल्यास दुसऱ्यावर द्यावा. ˈपर्मिट म्हणजे परवाना, परˈमिट म्हणजे परवानगी देणे. ˈऑब्जेक्ट म्हणजे वस्तू, अबˈजेक्ट म्हणजे हरकत घेणे. ˈरेफ्यूस म्हणजे कचरा, रिˈफ्यूझ म्हणजे नकार देणे. ˈडेझर्ट हे वाळवंट आणि डिˈझर्ट म्हणजे सोडून जाणे. जेवणानंतरचा गोड पदार्थ हा वेगळ्या स्पेलिंगचा शब्द असून तो नाम असला तरी डिˈझर्ट असाच उच्चारतात. त्यामुळे हॉटेलात आघात चुकला तर आपण वाळवंट मागवतो.

दुसरी पायरी अधिक अवघड आहे आणि सरावाचा बराचसा वेळ तिलाच द्यावा. आघात म्हणजे नुसता आवाज चढवणे नव्हे. आघात असलेला अवयव किंचित लांबतो, त्याचा सूर वर जातो आणि त्यातला स्वर स्वच्छ ऐकू येतो, तर शेजारचा अवयव आक्रसून त्याचा स्वर अस्पष्ट ‘अ’ किंवा ‘इ’ होतो. म्हणूनच ˈकॉन्ट्रॅक्टमधला ‘कॉन्’ क्रियापदात ‘कन्’ होतो आणि ˈप्रॉड्यूस, म्हणजे शेतमाल, याचे क्रियापद प्रˈड्यूस होते. मराठीत प्रत्येक अक्षराला त्याचे माप देऊन बोलण्याची आपली सवय असल्याने हा अर्धवट स्वर आपल्याला आळशीपणाचा वाटतो. पण तो न आक्रसता नुसता जोर दिला, तर ऐकणाऱ्याला फरक नीट जाणवत नाही. दोन्ही हातांत रबर बँड धरून आघाताच्या अवयवावर तो ताणावा आणि दुसऱ्यावर सैल सोडावा. हा उपाय पोरकट दिसला तरी उपयोगी पडतो.

रिˈकॉर्डसारख्या क्रियापदाला ‘इंग’ किंवा ‘एड’ लागले तरी आघात हलत नाही. त्यामुळे आपण मराठीत सर्रास म्हणतो ते ‘रेकॉर्डिंग’ इंग्रजीत, नाम म्हणूनही, रिˈकॉर्डिंग असते.

हा नियम मुख्यतः री, कॉन, प्रो, पर, एक्स, इन अशा लॅटिन उपसर्गांच्या दोन अवयवी शब्दांना लागतो, आणि तोही सगळ्यांना नाही. १५७० साली निघालेल्या एका इंग्रजी यमककोशात अशा तीनच जोड्या आढळतात. आज त्या शंभराहून अधिक आहेत. रिˈपोर्ट, सˈपोर्ट, कन्ˈट्रोल यांचा उच्चार नाम आणि क्रियापद म्हणून एकच राहतो, तसेच ˈव्हिझिट आणि ˈआन्सर यांचाही. शंका आली की शब्दकोशात ती उभी रेघ शोधावी.

काही जोड्यांत आघात जागेवर राहतो आणि शेवटचे व्यंजन बदलते: नाम ‘यूस’, क्रियापद ‘यूझ’, घर ‘हाउस’, घरात ठेवणे ‘हाउझ’, सल्ला ‘अडˈव्हाइस’, सल्ला देणे ‘अडˈव्हाइझ’. काहींत शेवटचा स्वर बदलतो: पदवीधर ˈग्रॅज्युअट असतो, पदवी घेणे मात्र ˈग्रॅज्युएट. ˈएस्टिमट आणि ˈएस्टिमेट हेही तसेच.

सरावासाठी दोन्ही रूपे एकाच वाक्यात घालावीत, जसे ‘दे रिˈफ्यूझ टू परˈमिट इट विदाउट अ ˈपर्मिट’. ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे, कारण बोलताबोलता आपली चूक आपल्याला सहसा ऐकू येत नाही.